जुनं जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड मित्राच्या पीसीवर चालतं, माझ्या नव्या पीसीवर डिस्प्लेच येत नाही. कार्ड गेलं का?

कार्ड गेलेलं नाही, असंच मी धरून चालेन. तुम्हीच लिहिलंय की मित्राच्या तिसऱ्या पिढीच्या आय५ वर ते गेमसकट नीट चालतं. तुमच्या आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि बी६६० मदरबोर्डवर मात्र पंखे फिरतात आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. दुकानदार ‘कार्ड डेड आहे, नवीन घ्या’ म्हणाला म्हणून ते लगेच भंगारात काढू नका. मी रिपेअरिंगचंच काम करतो. नवा बोर्ड आणि जुनं कार्ड ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, आणि बऱ्याचदा दोन्ही वस्तू ठणठणीत असतात, फक्त त्यांचं आपसात जमत नसतं.

जीटीएक्स ६६० सप्टेंबर २०१२ मध्ये आलं. विंडोज ८ त्याच्या पुढच्या महिन्यात आलं आणि त्यानंतर युइएफआय, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बायोसच्या नव्या पद्धतीचं, बूटिंग सर्रास झालं. त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच कार्डांच्या आतल्या बायोसमध्ये, म्हणजे व्ही-बायोसमध्ये, जीओपी नावाचा भागच नसतो. विंडोज सुरू होण्याआधी स्क्रीनवर चित्र आणायला युइएफआयला तोच भाग लागतो. जुन्या बोर्डवर हे काम जुन्या पद्धतीने होतं. नव्या बोर्डवर त्या जुन्या पद्धतीची सोय सीएसएम या नावाने असते, पण विंडोज ११ साठी सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) हवं म्हणून कंपनीकडूनच ती बंद करून येते. बोर्ड कार्डाला वीज देतो, पंखे फिरतात, पण चित्र काढायचं कसं ते कोणालाच कळत नाही. बोर्डवर छोटे एलईडी असतील तर त्यातला ‘व्हीजीए’चा दिवा पेटून राहिलेला दिसेल. तो एकदा बघाच.

याची खात्री फुकटात होते. कार्ड पुन्हा मित्राच्या मशीनमध्ये लावा, जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडा आणि बायोस व्हर्जनच्या शेजारचा ‘युइएफआय’ चौकोन बघा. तिथे टिक नसेल तर रोग सापडला.

मग सीएसएम चालू करायचं, पण इथे एक अडचण आहे. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. बोर्डच्या मागच्या एचडीएमआयला केबल लावून काहीच दिसणार नाही, म्हणजे बायोस सेटिंगमध्ये शिरायलाही डिस्प्ले नाही. कोणाकडून तरी जरा नवं कार्ड, १०५० टीआय वगैरे, तासाभरासाठी मागून आणा. इनबिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर उसना आणायच्या भानगडीत पडू नका. इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढच्या बोर्डांवर इनबिल्ट ग्राफिक्स चालू असताना सीएसएमचा पर्याय सहसा मिळतच नाही.

सेटिंगला हात लावण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते तपासा. असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा अडकतो. हा भाग कृपया टाळू नका.

उसनं कार्ड लावून बायोसमध्ये जा. आधी सिक्युअर बूट बंद करा, मग सीएसएम चालू करा. आत वेगवेगळे पर्याय दिसले तर व्हिडिओ ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या पद्धतीवर, आणि स्टोरेज ‘युइएफआय’वर ठेवा. सगळंच लेगसी केलंत तर जीपीटी (युइएफआयसोबतची नवी मांडणी) पद्धतीच्या डिस्कवरचं विंडोज बूट होणार नाही. सेव्ह करा, मशीन बंद करा, वायर काढा आणि ६६० बसवा. डिस्प्ले आला नाही म्हणून बोर्डची बॅटरी काढून रीसेट करायची सवय अनेकांना असते. इथे ते करू नका, सीएसएम पुन्हा बंद होऊन बसेल.

जीपीयू-झेडमध्ये ‘युइएफआय’ला टिक असेल, किंवा सीएसएम लावूनही स्क्रीन काळीच असेल, तर मग वीज बघायची. हे कार्ड १४० वॉटपर्यंत घेतं. स्लॉटमधून ७५ आणि ६ पिनच्या वायरीतून ७५ मिळतात, म्हणजे ती वायर लावायलाच हवी. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘४५० वॉट’वर विसंबू नका, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे जेमतेम १९२ वॉट. त्यावर हे कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही ओढायचे म्हणजे फार झालं.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्याही बघा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात त्या काळवंडतात. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, रबराचा भुगा झाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून वाळू द्या. बसवताना स्लॉटच्या टोकाचा खटका ‘टक्’ असा बसला पाहिजे. यूट्यूबवर बघून कार्ड ओव्हनमध्ये भाजायला मात्र जाऊ नका. चालू कार्डाचं त्याने वाटोळं होतं.

डिस्प्ले आल्यावर ड्रायव्हर ४७० मालिकेतलाच टाका, एनव्हिडियाच्या त्यापुढच्या ड्रायव्हरांत हे कार्ड नाही.

काही बोर्डांवर सीएसएमचा पर्यायच नसतो. तसं निघालं तर एक वाट उरते. ६०० मालिकेच्या काही कार्डांसाठी उत्पादकांनी युइएफआयवाला व्ही-बायोस काढला होता. तो मित्राच्या मशीनवरच टाकता येतो, पण चुकीची फाइल टाकली तर चांगलं कार्ड खरंच मरतं. म्हणून घाई नको. आधी कार्डावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि बोर्डचं नाव इथे लिहा, सीरियल नंबर झाकून. मी बघून सांगतो.