काकूंच्या अंगणवाडीला किती गुण द्यायचे?

पत्र: मी वसमत तालुक्यातली. बी.ए. झालं, आता बालशिक्षणाचा डिप्लोमा करतेय. आमच्या गावच्या अंगणवाडीत बसून सेविका कशा शिकवतात त्याचं निरीक्षण आणि गुणांसह मूल्यमापन लिहायचं आहे. अडचण अशी, की सेविका माझ्या सख्ख्या चुलती आहेत. सगळीकडे 'चांगले' लिहिलं तर वही खोटी वाटते, खरं लिहिलं तर घरात बोलणं बंद होईल. बाबा म्हणतात, लेकरं सांभाळायला डिप्लोमा कशाला, पोलीस भरतीची तयारी कर. यात खरंच करिअर आहे का? वहीची दोन पानं सोबत जोडली आहेत.

उत्तर: आधी तुझी वही वाचली, मग पत्र. पहिल्या पानावर 'चांगले' हा शब्द नऊ वेळा आलाय. सेविकांचं शिकवणं चांगलं, मुलांचा प्रतिसाद चांगला, वातावरण चांगलं. एवढं वाचूनही त्या खोलीतलं एक लेकरू माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र पेन्सिलीनं लिहिलेलं, बहुधा खोडायचं राहून गेलेलं, एक वाक्य आहे: 'काकूंनी विचारलं, हा कोणता रंग? पोरगं तोंड उघडायच्या आत काकूच म्हणल्या, लाल.' दोन पानांत निरीक्षण म्हणावं असं एवढंच आहे. बाकीचे सगळे शेरे.

पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे घड्याळातली वेळ आणि जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच. 'मुलं कंटाळली' असं तिथं लिहायचं नाही. '१०.४०, गोष्ट चालू, चौघं काकूंकडे बघतात, दाराजवळचा स. चपलांची रांग लावतो' असं लिहायचं. तो कंटाळला, की त्याला रांगा लावायची गोडी आहे, हे उजव्या बाजूला, आणि तेही घरी गेल्यावर. मुलांची पूर्ण नावं वहीत नकोत, फोटो तर नकोतच. आणि खुर्ची मागू नकोस. सतरंजीवर, कडेला, मुलांच्या उंचीला बस. पहिला दिवस ती तुझ्याकडेच बघत राहतील, म्हणून तो दिवस हिशेबात धरू नकोस.

आता ते 'लाल'. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेपवर घेऊन मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबायचे. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबायची आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायची. तू तेच मोज. अर्ध्या तासात काकूंनी किती प्रश्न विचारले, किती वेळा मनातल्या मनात तीन मोजून होईपर्यंत त्या थांबल्या, कितींचं उत्तर एका शब्दात संपणारं होतं, आणि प्रश्न कुणाकुणाच्या वाट्याला आले. पुष्कळदा तीच पुढची चार-पाच लेकरं असतात. आकडे समोर असले की 'काकू चांगल्या की वाईट' हा प्रश्नच उरत नाही. त्या थांबत नाहीत, एवढीच गोष्ट उरते, आणि ती उद्यापासून बदलता येते.

माझी एक चूक सांगते. बीडकडच्या एका अंगणवाडीत एप्रिलमध्ये निरीक्षणाला गेले होते. एक मुलगा सकाळभर दाराची चौकट धरून उभा. गाणी झाली, खिचडी झाली, हा तिथंच. मी वहीत लिहिलं: 'सहभाग नाही, सेविकेचं लक्ष नाही.' निघताना सेविका म्हणाली, "मॅडम, ऊसतोडीचा पट्टा पडला, हंगाम संपला, परवाच आलंय ते कारखान्यावरून. पाच महिने कोपीत, झोपडीतच होतं. काल आत यायलाच तयार नव्हतं, आज चौकटीपर्यंत आलं. मी मुद्दामच ओढलं नाही." जिला मी शून्य दिलं होतं, त्या बाईचं सगळ्यात शहाणं काम तेच होतं. तेव्हापासून डावी बाजू पूर्ण झाली, की सेविकेला विचारल्याशिवाय मी उजवी बाजू लिहित नाही.

तुझ्याकडे बंजारा तांड्यावरची लेकरं येत असतील तर तिथंही असंच होतं. घरी गोरमाटी बोलणारं, आईला याडी म्हणणारं चार वर्षांचं मूल मराठी गोष्टीला गप्प बसलं, तर त्याला समजत नाही असा शेरा मारून मोकळं व्हायचं नाही. त्याच्या बोलीतला एखादा शब्द काकू वापरतात का, ते नोंदव.

परदेशात बालवर्गाचं मूल्यमापन करायची तयार मापनपट्टी आहे, ईसीईआरएस नावाची. अलीकडच्या आवृत्तीत तीन तास वर्गात बसून एकेका बाबीला १ ते ७ गुण देतात. ती जशीच्या तशी उचलू नकोस. आपल्याकडे एकच खोली, तिच्यातच आहाराची पोती, तिथं वेगवेगळे खेळकोपरे शोधून काय हाती लागणार! त्यातला एक प्रश्न मात्र जरूर घे: मुलाला न मागता, आपल्या हातानं खेळणं घेता येतं का? खेळण्यांचा संच कपाटात कुलूपबंद दिसला तर लगेच काकूंना दोष देऊ नकोस. सामानाच्या, म्हणजे जडसंग्रह नोंदवहीत त्या खेळण्यांची नोंद असते, तुटलं तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून कुलूप. शिवाय वजनं, पोषण ट्रॅकर ॲपवर भरायची माहिती, घरपोच आहाराचं वाटप. शिकवण्याला उरलेला वेळ किती, तोही घड्याळ लावून लिही. लसीकरणाच्या दिवशी तर निरीक्षणाला बसूच नकोस.

राहिला गुणांचा प्रश्न. माझं मत सरळ आहे: जिच्या हातची भाकरी खातो तिला गुण देऊ नयेत. डिप्लोमाच्या मॅडमना खरं कारण सांग आणि गुणांच्या मूल्यमापनासाठी शेजारच्या गावची अंगणवाडी मागून घे. काकूंकडे फक्त सराव कर. त्यांना डावी बाजू वाचून दाखव, उजवी त्यांनाच सांगू दे. मॅडम नाहीच म्हणाल्या तर एकेका कृतीला वेगळे गुण दे. प्रत्येकाला नावानं हाक मारणं, प्रश्नानंतर थांबणं, रडणाऱ्याला जवळ घेणं. सगळ्यांत मिळून एक आकडा देण्याच्या भरीस पडू नकोस.

बाबांना सांग, पोलीस भरतीला माझी ना नाही, पण मनात नसताना मैदानावर पळून वर्षं जातात. लेकरं सांभाळण्याचं म्हणशील, तर ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन अंगणवाडी भरवली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, म्हणजे तीस वर्षांनी. २०२० च्या शिक्षण धोरणानं तर ३ ते ८ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून शाळेच्या रचनेतच घेतला.

नोकरीचं मात्र गोड बोलून सांगणार नाही. खासगी नर्सरीत, नांदेडला काय आणि लातूरला काय, सुरुवातीचा पगार तुझ्या घरभाड्यालाही पुरणार नाही. सेविकेचं पद मानधनाचं असतं, आणि त्याला त्याच गावची रहिवासी लागते. तू पदवीधर आहेस, तेव्हा नजर मुख्यसेविकेच्या पदावर ठेव. अनेक अंगणवाड्यांना भेटी देऊन त्यांचं काम बघणं हीच ती नोकरी, म्हणजे तू आत्ता शिकतेयस तेच. काही जाहिरातींत कुठलीही पदवी चालते, काहींत समाजशास्त्र, गृहविज्ञान अशा विषयांना प्राधान्य असतं, म्हणून तुझे बी.ए.चे विषय आधी ताडून बघ. त्याच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी, ते पद लोकसेवा आयोगाकडून भरतात. सरकारी जाहिरातीची वाट बघण्यात दोन-दोन वर्षं जातात. तोवर बालवाड्यांत काम करणाऱ्या 'प्रथम'सारख्या संस्थांकडे अर्ज करून ठेव. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर ही वहीही ने, दोन रकान्यांची.

ते पेन्सिलीचं वाक्य खोडू नकोस. पण काकूंना ते तू स्वतः वाचून दाखवशील तेव्हाच पेनानं गिरव.