अमेरिकेत तेव्हा लॉ कसं शिकायचे?

प्रश्न: माझे पणजोबा गिरगावात वकील होते. १९१० च्या आसपास अमेरिकेत लॉला जायला ग्रॅज्युएट असावंच लागायचं का? आणि बाबासाहेब कोलंबियात लॉच शिकले ना? — एक वाचक, दादर

उत्तर: सगळीकडे नाही हो. हार्वर्डला डिग्री लागायची आणि कोर्स तीन वर्षांचा, पण कितीतरी कॉलेजं हायस्कूल झालेल्यांनाही घ्यायची, काही तर रात्रीची भरायची म्हणजे दिवसा नोकरी करून शिकता यायचं, आणि मला हे फार मोठं काम वाटतं. मुलींना हार्वर्डने थेट १९५० ला घेतलं, पण बॉस्टनमध्येच १९०८ ला पोर्शिया लॉ स्कूल खास बायकांसाठी सुरू झालं होतं.

शिकवणं मात्र भारी. लँगडेल १८७० ला हार्वर्डचे डीन झाले आणि केस मेथड आणली, म्हणजे नुसती घोकंपट्टी नाही, खरे निकाल घरून वाचून यायचे आणि सर वर्गात कुणालाही उभं करून प्रश्नांवर प्रश्न विचारणार, हे असं का, तिथे तसं का नाही.

आणि बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात गेले ते मुख्यतः अर्थशास्त्रासाठी, बॅरिस्टर झाले लंडनच्या ग्रेज इनमधून. आपल्या चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले १९३५ ला.