‘मृदू टाळेबंदी’ नको, ‘खोळंबा’ चालेल

प्रश्न असा आला आहे: लिनक्स कर्नेलवरच्या (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावरच्या) मजकुराचं भाषांतर करताना ‘सॉफ्ट लॉकअप’ला ‘मृदू टाळेबंदी’ आणि ‘हार्ड लॉकअप’ला ‘कठोर टाळेबंदी’ लिहिलंय, ते चालेल का? आणि ‘लॉकअप डिटेक्टर’ म्हणजे ‘टाळेबंदी-शोधक’ का?

माझ्या मते नाही. नुसतं ‘लॉकअप’ लिहिलं तर वाचणाऱ्याला आधी पोलीस कोठडी दिसते, म्हणून तुम्ही दुसरा शब्द शोधलात, ते समजू शकतो. पण टाळेबंदीत टाळं ठोकणारा कुणीतरी बाहेर असतो. पूर्वी तो कारखान्याचा मालक असायचा, २०२० मध्ये सरकार होतं. कर्नेलला बाहेरून कुणी टाळं लावत नाही. इथलं ‘लॉक’ दाराचं नाहीच, चाकाचं आहे. करकचून ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी धरतं, आपण म्हणतो ‘चाक जाम झालं’, ते हे. (आपलं ‘कुलूप’ म्हणजे अरबी ‘कुफ्ल’ची अक्षरं उलटीपालटी होऊन झालेला शब्द. मला फार आवडतो, पण इथे त्याचं काम नाही.)

‘मृदू’ आणि ‘कठोर’ तर अगदीच नकोत. फरक कडकपणाचा नाही, अडकलेला अजून हाकेला ओ देतो की नाही याचा आहे. सॉफ्ट लॉकअपमध्ये कर्नेलमधलाच एखादा कोड सीपीयूवर ठाण मांडून बसतो आणि २० सेकंदांहून जास्त वेळ दुसऱ्या कुणाची पाळी येऊ देत नाही. इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून ‘इकडे बघ’ म्हणणारी हाक, आली तर मात्र ती घेतली जाते. बँकेच्या खिडकीशी एकजण वीस पासबुकं घेऊन उभा असतो, कोणी हटकलं तर ‘हो हो, झालंच’ म्हणतो, पण हलत नाही. मागच्यांचं जे होतं त्याला मराठीत तयार शब्द आहे: खोळंबा. हार्ड लॉकअपमध्ये इंटरप्टही घेतले जात नाहीत. १० सेकंद झाले तरी ओ नाही. तो सीपीयू ‘ठप्प’.

कळतं कसं, तेही बघा, कारण क्रियापद त्यावरून ठरतं. प्रत्येक सीपीयूवर दर ४ सेकंदांनी एक टायमर वाजतो. तो एका छोट्या, सगळ्यांत वरच्या प्राधान्याच्या कामाला उठवतो. त्या कामाची जबाबदारी एवढीच, की आत्ताची वेळ नोंदवून ठेवायची. पुढच्या खेपेला टायमर बघतो, शेवटची नोंद किती शिळी आहे? फार शिळी असेल तर बोंब मारतो. पण टायमरचीच हाक पोचत नसेल तर? तिथे एनएमआय, म्हणजे सीपीयूला कान बंद करून टाळता येत नाही असा इंटरप्ट, येऊन टायमरची मोजणी पुढे सरकली का ते तपासतो. २०२३ मधल्या ६.५ आवृत्तीपासून आणखी एक सोय झाली. एनएमआयची सोय नसेल तिथे शेजारचा सीपीयू हेच काम करू शकतो. इंग्रजीत त्याला ‘बडी’ म्हणतात. आपल्याकडे ‘शेजारधर्म’ किती नेमका बसतो!

म्हणून ‘शोधणे’ नको. हरवलेलं शोधतात. इथे काही हरवलेलं नाही, फक्त ओ आलेली नाही, आणि ती न येणं कुणीतरी हेरतंय. ‘खोळंबा हेरणारी यंत्रणा’ म्हणा.

‘वॉचडॉग’ला, म्हणजे अशी पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेला, ‘जागल्या’ म्हणावंसं मला फार वाटायचं. रात्रभर गावावर जागणारा माणूस, अर्थ चपखल. पण वर्तमानपत्रांनी तो ‘व्हिसलब्लोअर’साठी वापरायला सुरुवात केली, तेव्हा आता ‘पहारेकरी’च बरा.

एक तिसरा प्रकार तुमच्या मजकुरात पुढे येईलच, ‘हंग टास्क’. त्यात सीपीयू मोकळा असतो. एखादं काम डिस्कच्या उत्तराची वाट बघत १२० सेकंदांहून जास्त वेळ तसंच पडून असतं, मधे उठवताही येत नाही. हे ‘ताटकळलेलं काम’. खोळंबा करणारा आणि ताटकळणारा यांची गल्लत करू नका. आमच्या ऑफिसात एकदा रात्री दोन वाजता ती झाली आणि पहाटेपर्यंत आम्ही भलताच कोड वाचत बसलो.

लॉगमधली (कर्नेलच्या नोंदवहीतली) सॉफ्ट लॉकअपची ओळ मात्र भाषांतरित करू नका, लोक तीच जशीच्या तशी शोधतात. तिच्यात २० ऐवजी बहुधा २२ सेकंद दिसतात, ती छपाईची चूक समजून दुरुस्तही करू नका. तपासणी दर ४ सेकंदांनी, म्हणून चोर २४व्या सेकंदाला सापडतो. आणि कर्नेल नॅनोसेकंदांना १ अब्जाने न भागता, सोपं पडतं म्हणून २ च्या ३०व्या घाताने, म्हणजे अब्जाहून थोड्या मोठ्या संख्येने, भागतो. २४ चे २२ होतात ते असे.

राहता राहिली ‘ठप्प’ची अडचण: त्याचं नाम होत नाही, आणि ‘ठप्पता’ लिहिलंत तर मी वाचणार नाही. मथळ्यात ‘सीपीयू ठप्प’ एवढंच लिहा. ‘वाहतूक ठप्प’ रोज छापून येतंच की.