जाहिराती न घेणारं दैनिक कधी निघालं होतं का?

हो, न्यूयॉर्कमध्ये. १८ जून १९४० रोजी राल्फ इंगरसॉल यांनी 'पीएम' हे टॅब्लॉइड दैनिक काढलं. किंमत ५ सेंट, म्हणजे इतर पेपरांपेक्षा महाग, आणि एकही जाहिरात नाही. दुबळ्यांवर दादागिरी करणाऱ्यांच्या विरोधात आपण आहोत, असं त्यांनी उघड जाहीर केलं होतं.

मला सगळ्यात आवडते ती एक गोष्ट: दुकानांतल्या सेलची माहिती पेपर स्वतःच बातमी म्हणून द्यायचा. गिऱ्हाइकाच्या उपयोगाची गोष्ट दुकानदाराकडून पैसे न घेता छापायची! शिवाय मोठमोठे फोटो आणि हिटलरवर तुटून पडणारी व्यंगचित्रं. वीजी या छायाचित्रकाराने टिपलेली रात्रीच्या न्यूयॉर्कची छायाचित्रंही त्यात यायची.

पैशाचं गणित मात्र कधीच जुळलं नाही. शिकागोच्या श्रीमंत घराण्यातले मार्शल फील्ड तिसरे तोटा सोसत राहिले. १९४६ मध्ये जाहिराती घ्यायचं ठरलं, तेव्हा इंगरसॉल बाहेर पडले. त्यांचा तो निर्णय मला पूर्ण पटतो. २२ जून १९४८ ला शेवटचा अंक निघाला. त्याच्या जागी आलेला 'न्यूयॉर्क स्टार'ही जानेवारी १९४९ मध्ये बंद पडला.