आधी विचार

प्रिय लेकी,

तुझा मेल आणि सोबतचा व्हिडिओ परवा रात्री मिळाला. 'स्टोलन' या नाटकातलं भाषण, दोन मिनिटं आठ सेकंद. तू चांगली नटी आहेस हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. तू लिहिलंयस की पहिल्या ऑडिशनला घेतलं नाही, आता कोच म्हणतात तू सावळी आहेस, हेच भाषण कर, पॅनल हलून जाईल. आणि खाली एक ओळ : 'पण काका, काहीतरी टोचतंय.'

टोचतंय ते बरोबर टोचतंय. माझा प्रश्न एवढाच आहे, कोणाला विचारलंस का?

परवानगीचा कागद म्हणत नाही मी. छापील नाटकातलं भाषण ऑडिशनला करायला तो कोणी मागत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांच्यापैकी एका तरी माणसासमोर बसून 'हे मी बोलू का?' असं विचारलंस का?

जेन हॅरिसन यांचं हे नाटक इल्बिजेरी या मेलबर्नच्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, नाट्यसंस्थेनं लिहून घेतलं. काम १९९२ ला सुरू झालं आणि प्रयोग झाला १९९८ ला. सरकारनं आईबापांपासून ओढून नेलेल्या पाच अ‍ॅबोरिजिनल मुलांची ही गोष्ट आहे. पण तुझ्या कोचनं तुला शेवट सांगितला का? पहिल्या प्रयोगांत शेवटी नट पात्र बाजूला ठेवायचे आणि स्वतःची, स्वतःच्या घरातली हकीकत सांगायचे. त्या जागी तू उभी राहिलीस तर काय सांगशील? तुझ्या घरून कोणाला नेलं होतं? तुझ्या आईला मी ती कॉलेजात होती तेव्हापासून ओळखतो. तिनं तुला बालवाडीत सोडलं तेव्हा तूच रडली नव्हतीस, ती रडली होती.

रागावू नकोस. मीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि ते तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

तीस वर्षांपूर्वी पर्थला एका अभिनयशाळेच्या ऑडिशनमध्ये मी जॅक डेव्हिस यांच्या 'नो शुगर'मधलं बिलीचं भाषण केलं. नाटक १९८५चं. मंदीच्या काळात नॉर्थम गावाकडेला राहणारं एक नूंगार (पर्थकडच्या मूळ रहिवाशांपैकी) कुटुंब सरकार मूर रिव्हरच्या सरकारी वस्तीत नेऊन टाकतं. आधी रेशनमधला साबण बंद करायचा आणि मग खरजेचं निमित्त करून गावातून हाकलायचं, असा तो कारभार. डेव्हिस स्वतः पोरवयात त्या वस्तीत राहिलेले. बिली तिथला ट्रॅकर, म्हणजे पळालेल्यांचा माग काढणारा, गोऱ्यांच्या चाकरीतला, मुलुख मात्र दूर उत्तरेला, किम्बर्लीत. एका रात्री तो सोबतच्यांना ऊम्बुलगरीची कत्तल सांगतो. ती मी दोन मिनिटांत बसवली. 'ऊम्बुलगरी' हा शब्द कानाला छान वाटायचा, म्हणून लांबवून म्हणायचो.

मला घेतलं. पॅनलमधल्या एकानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनच्या रांगेत मागून एक बाई म्हणाल्या, 'बिली करणारा तूच का?' त्या किम्बर्लीकडच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी खुशीत हो म्हणालो. ते ठिकाण कुठं आहे, माहीत आहे? नाही. कधी झालं? नाही. कोणाला विचारलंस? त्यांनी आवाज चढवला नाही. चहाच्या कपाचं झाकण अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बसवलं आणि निघून गेल्या.

ऊम्बुलगरी म्हणजे फॉरेस्ट रिव्हर, कत्तल १९२६ ची. चौकशीला रॉयल कमिशन बसलं, दोन पोलिसांना अटक झाली, आणि ज्यूरीपुढं खटला उभाच राहिला नाही. हे सगळं मी त्या रांगेनंतर लायब्ररीत वाचलं. म्हणजे ज्या मेलेल्या माणसांच्या आधारानं मी आत शिरलो, त्यांचा पत्ता मला शिरल्यावर लागला.

खरं म्हणजे हे मी त्याआधीही केलं होतं. पुण्यात कॉलेजच्या एकांकिकेत पोतराज केला होता, खरा कोरडा आणून. पाठीवर वळ उठले म्हणून विंगेत सगळ्यांनी खांदे थोपटले. त्याही वेळी कोणत्या पोतराजाला विचारलं होतं? १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी सिडनीच्या रेडफर्नमध्ये नॅशनल ब्लॅक थिएटर उभं राहिलं. आमची गोष्ट आम्ही सांगू, हे दोन्हीकडची माणसं एकाच वेळी ओरडून सांगत होती. मी दोन्ही देशांत राहिलो आणि दोन्हीकडं ते मला ऐकू आलं नाही.

आणि नंतर मी काय केलं? लाजेपोटी पंधरा वर्षं अ‍ॅबोरिजिनल नाटकाकडं फिरकलोच नाही. स्वतःला सांगायचो, हा आदर आहे. आदर कसला! पळपुटेपणा होता तो. त्या बाईंनी मला विचारायला सांगितलं होतं, पळायला नाही.

म्हणून आता हट्टी झालोय. शाळेत नाटक शिकवताना एका वर्षी 'स्टोलन' ठरलं. पोस्टर छापून झालं तेव्हा कळलं की एकाही अ‍ॅबोरिजिनल घराशी कोणी बोललेलं नाही. मी नाटक थांबवलं. पालक चिडले, मुलं रडली, एका मुलीनं पुढं माझा विषयच सोडला. तिचं मला आजही वाईट वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा थांबवीन. मुलांची मेहनत वाया घालवली असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे : विचारायला दोन महिने होते, आणि त्या दोन महिन्यांत आपण पडद्याचा रंग ठरवत बसलो होतो.

२०२० ला पर्थमध्ये यिर्रा याकिन या संस्थेनं 'हेकेटी' केलं, 'मॅकबेथ' पूर्णपणे नूंगार भाषेत. ज्यांच्या आजीची ती भाषा, त्या नटांनाही ती एकेक शब्द करत शिकावी लागली. आणि तू यूट्यूबवरून पंधरा दिवसांत आवाज उचलणार?

सावळी म्हणजे काय गं? सावळेपणाचा एकच गठ्ठा असतो का? शक्तिधरन यांच्या 'काउंटिंग अँड क्रॅकिंग' नाटकातलं भाषण घेऊ का, असंही तू विचारलंयस. ते श्रीलंकेतल्या तमिळ घराचं आहे. जरा जवळचं वाटेल, पण तिथंही आधी विचार. तुझ्या वर्गातल्या त्या तमिळ मैत्रिणीच्या आईकडं जा, जेवायला बस, १९८३ च्या तमिळविरोधी दंगलीत त्यांच्या घरी काय झालं ते ऐक. सांगायचं नसेल तर त्या सांगणार नाहीत. कोणी नाही म्हटलं की कारण विचारायचं नाही, एवढंही शिकून घे.

'स्टोलन'चंही तसंच. इल्बिजेरीचं पुढचं नाटक लागेल तेव्हा तिकीट काढून जा. एकदा नाही, दरवेळी जा. कोणी तुला तुझी माणसं कुठली, असं विचारलं तर मेलबर्न म्हणून मोकळी होऊ नकोस. आजोळ सांग, नदीचं नाव सांग. तिथं ओळख अशीच सुरू होते. खुर्च्या लावायला माणसं हवी असतील तर लाव. मी गेली दहा वर्षं लावतोय.

शेक्सपिअरचं भाषण शनिवारी दहाला घेऊन ये, इझाबेलाचं. त्यात मधल्या चार ओळी तू घाईनं टाकतेस, तिथंच काम आहे. दुसऱ्या भाषणाचं तेव्हा बघू.

आणि हो, तुझा व्हिडिओ मी एकट्यानं पाहिला. काकू परवापासून मागं लागली आहे. तिला दाखवू का?

तुझा,
काका