‘वाइल्डवुड फ्लॉवर’ : फटकाऱ्यात हरवलेली चाल

प्रश्न : कार्टर फॅमिली या अमेरिकी लोकसंगीत गाणाऱ्या मंडळींचं ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे गाणं गिटारवर बसवतो आहे. सी, एफ, जी या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जमतात, पण चाल ऐकूच येत नाही. रेकॉर्ड लावून वाजवलं तर सूरही जुळत नाहीत. आणि पहिल्याच ओळीतला ‘मिंगल्स’ हा शब्द काय आहे?

उत्तर : चाल हरवते, कारण तुम्ही सहाही तारांवर फटकारा मारता. १९२८ साली अमेरिकेतल्या कॅमडेन शहरात झालेल्या या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात कार्टर फॅमिलीच्या गिटारवादक मेबेल कार्टर अंगठ्याने खर्जाच्या बाजूच्या तारांवर चाल वाजवतात आणि मधल्या रिकाम्या जागेत तर्जनीने वरच्या बारीक तारा नुसत्या झाडतात. यालाच पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणू लागले.

सीची कॉर्ड धरा (तारा बारीक बाजूकडून मोजायच्या). मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आहेच. तो पहिला सूर. त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावर करंगळी टेकवा, मग तिसरी तार मोकळी छेडा. या तीन सुरांत फटकारा नको. तिसरा सूर लांबतो, तिथे पहिल्या तीन तारांवर तर्जनी खाली-वर फिरवा. करंगळी टेकवताना अख्खी कॉर्ड सोडून देणं ही नेहमीची चूक. मग फटकारा पोकळ लागतो. आठवडाभर फक्त अंगठा वाजवा, तर्जनी नंतर. अंगठा ठळक, तर्जनी हलकी. उलट झालं की पुन्हा तोच गोंधळ.

सूर न जुळण्यात तुमचा दोष नाही. मेबेल अनेकदा गिटार नेहमीपेक्षा खाली लावत. कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, सूर चढतो, उतरत नाही; म्हणून सहाही तारा सारख्याच उतरवून रेकॉर्डशी मिळवा.

‘मिंगल्स’चा अर्थ शोधत बसू नका. मूळ गाणं १८६० सालचं, संगीत जोसेफ वेब्स्टर यांचं. त्यात ‘रिंगलेट्स’, म्हणजे केसांच्या कुरळ्या बटा, होत्या. तोंडोतोंडी फिरताना त्यांचे ‘मिंगल्स’ झाले, आणि रेकॉर्डवर तेच छापल्यासारखे पक्के झाले. गाताना कुठलाही पाठ घ्या.

या गाण्याला मान शब्दांमुळे नाहीच, मेबेल यांच्या अंगठ्यामुळे आहे. या लोकसंगीतात गिटार तोवर बहुतेक साथीलाच असे. इथे ती स्वतः गाते. चालही टिकाऊ निघाली : रूबेन जेम्स ही अमेरिकी युद्धनौका १९४१ साली बुडाली, तेव्हा लोकगायक वुडी गथ्री यांनी तिच्यावरच्या गाण्याच्या कडव्यांना हीच चाल घेतली. दोन्ही एकामागोमाग वाजवून पाहा. अंगठ्याचं काम फारसं बदलत नाही.