कूलंटने भिजलेला डिस्ट्रिब्युटर बदलावाच लागतो का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवणारा वॉटर पंप गळत होता, तो बदलला, पण त्याच्या खालचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) भिजल्यापासून गाडी मिसिंग करते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून धक्के देते. डिस्ट्रिब्युटरची कॅप (वरचं झाकण) काढून पुसली, हेअर ड्रायरने वाळवली, दोन दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो, अख्खा डिस्ट्रिब्युटर बदला.

एवढ्यात बदलू नका. आधी तो धुऊन बघा. हो, पाण्यानेच.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं नेमकं हेच झालं होतं. माझ्याकडे पंप नव्हे, वरचा होज (कूलंटची रबरी नळी) क्लॅम्पपाशी चिरला होता. मीही ड्रायरच फिरवला आणि काम झालं असं समजून खूश झालो. तिसऱ्या दिवशी चढावर गाडी धक्के द्यायला लागली. घरी येऊन कॅप उघडली, तर आत बोट चिकटत होतं. वाळलं होतं ते फक्त पाणी. कूलंटमधलं एथिलिन ग्लायकोल 197 अंशांपर्यंत उकळत नाही, ड्रायरला ते कुठून दाद देणार? शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे दमट हवेत तो थर स्वतःहून पुन्हा ओला होतो. तुमची गाडी दोन दिवस बरी चालून परत बिघडली, त्यामागे बहुतेक हेच असणार.

हा चिकट थर वीज वाहून नेतो. प्लगकडे जाणारा करंट वीस हजार व्होल्टच्या आसपासचा असतो, त्याला कॅपच्या आत सोपी वाट मिळाली की तो शेजारच्या टर्मिनलला किंवा बॉडीला उडी मारतो. ती ठिणगी जिथून जाते तिथलं प्लास्टिक जळून कोळसा होतं, आणि कोळसाही वीजवाहक. एकदा अशी वाट पडली की कितीही धुतलं तरी ती जात नाही. म्हणून मिसिंग करणारी गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) तापून खराब होतो, तो खर्च वेगळाच.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायरी काढण्याआधी फोटो काढाच, आणि प्रत्येक वायरीला टेप लावून नंबर घाला. फायरिंग ऑर्डर (कोणत्या प्लगला कधी ठिणगी, तो क्रम) चुकली तर धुण्याचे सगळे श्रम पाण्यात जातील. कॅप आणि रोटर (कॅपखाली फिरणारा, वीज वाटणारा तुकडा) बाहेर काढून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाच्या थेंबाने मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने खळखळून धुवा, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. घाई केली आणि अल्कोहोलचा वास असतानाच स्टार्टर मारला, तर बंद कॅपखाली त्याची वाफ आणि ठिणगी एकत्र येतील. मी रात्रभर ठेवलं होतं.

वाळल्यावर कॅप उजेडात धरून आतून नीट बघा. टर्मिनलांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप फेकून द्या. कॅपच्या आत मधोमध असलेली कार्बनची गुंडी दाबली की स्प्रिंगने परत वर यायला हवी. टर्मिनलांवर बुरशीसारखा पांढरा-हिरवा गंज असेल आणि तो खरवडून काढावा लागला, तर मी तरी नवीच कॅप आणि रोटर घालेन. मल्टिमीटरवर विसंबू नका. त्याच्या काही व्होल्टना निर्दोष वाटणारी कॅप वीस हजारांपुढे फुटू शकते. सगळं परत जोडून अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, हात आणि कपडे पट्ट्या-पंख्यापासून लांब. कॅपवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर निकाल लागला.

खालच्या भागाला मात्र साबणपाण्यात बुडवू नका. पॉइंटवाला (ठिणगीसाठी उघडझाप करणारा छोटा स्विच असलेला) असेल तर कूलंटचा थर पॉइंटच्या तोंडावर बसतो. तो पुसून काढा आणि गॅप तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. रोटरखाली वंगणाचा फेल्ट असेल तर त्यावर तेलाचा एकच थेंब, जास्त नको, उडालं तर पॉइंटवर येईल. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पिकअप (सेन्सर) असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. ऑप्टिकल सेन्सर असेल तर चकतीच्या खाचांवर आणि सेन्सरच्या डोळ्यावर थर बसला की तो चुकीचं वाचतो, तिथे नाजूक हाताने पुसा. ठिणगी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल शॉर्ट होऊन मेलंच असेल तर धुऊन काही होणार नाही, मेकॅनिक तेव्हाच बरोबर.

ही अडचण फक्त तुमचीच नाही. 1992 मध्ये शेवरोले कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलटी1 इंजिनाचा ऑप्टिस्पार्क डिस्ट्रिब्युटर चक्क वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला बसवलेला होता, त्यामुळे पंप गळला की त्याची वाट लागे. नंतरच्या गाड्यांत आतली हवा खेचून बाहेर काढायची सोय दिली गेली. तुमच्या कॅपलाही हवेचं भोक असेल. ते सिलिकॉनने बुजवून वॉटरप्रूफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतल्या ठिणग्यांनी तयार होणारा ओझोन आणि आतला ओलावा मग तिथेच कोंडतो.

पूर्ण डिस्ट्रिब्युटर उपसायची पाळी आली, तर आधी रोटरचं तोंड आणि बॉडी दोन्हींवर खूण करा. गियर तिरका असतो, त्यामुळे बाहेर येताना रोटर थोडा फिरतो. बाहेर असताना इंजिन फिरवू नका, बसवताना खालची ओ-रिंग नवी घाला आणि टायमिंग लाइटने टायमिंग तपासा.

सगळं जोडल्यावर साधारण शंभर किलोमीटर चालवून कॅप पुन्हा उघडा. आत हिरवट ओल परत दिसली तर डिस्ट्रिब्युटर सोडा, पंपाखालचं बारीक भोक आणि सगळे होज टॉर्च घेऊन बघा, गळती अजून चालू आहे. आणि ऑइलची दांडी काढून बघा, ऑइल दुधाळ झालं असेल तर प्रश्न बहुधा हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) आहे. जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, ते गोडसर असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.